सरवदे सिस्टरांचे हात

सरवदे सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की आधी हात धुवायला पाणी मागायच्या. प्यायला मात्र त्यांनी कधीच मागितलं नाही. मागितलं असतं तर आमच्या खडकवाडीतल्या अर्ध्या घरांनी त्यांच्या ओंजळीत वरून ओतलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ती वेळ त्या येऊच देत नसत. हात धुवायचं पाणी मात्र हक्कानं मागायच्या, तांब्याभर, आणि तेही उकळलेलं. दुष्काळाचं वर्ष होतं. भांडी राखेनं कोरडीच घासली जायची, लेकरांची तोंडं ओल्या फडक्यानं पुसायची. अशात एक बाई येते, तांब्याभर पाणी हातावर ओतून घेते आणि ते मातीत जिरताना शांतपणे बघत राहते, हे पाहणं सोपं नव्हतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो. त्या एकदा न राहवून म्हणाल्या, "बाई, इथं घशाला कोरड पडायली अन् तुमी हातच धुवायलाव."

बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवत सिस्टर म्हणाल्या, "घसा कोरडा पडला तर मानूस दम धरतंय, आत्याबाई. मळक्या हातानं बाळंतीण न्हाई वाचत."

मी मूळची औशाची. लग्न होऊन रेणापूरच्या पलीकडच्या या गावात आले तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. एसट्यांवरच्या, कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्यानं रंगवणं चाललं होतं, आणि जिल्ह्याचं गाव जवळ आलं म्हणजे आता सगळंच जवळ येणार असं माणसं पारावर बसून बोलायची. पण खडकवाडीपासून डांबरी सडकेपर्यंतचा कच्चा रस्ता होता तेवढाच लांब राहिला. मधे एक खोल नाला. त्याच्यामुळे एसटी गावात येत नव्हती. येत होता तो फक्त पाण्याचा टँकर, तोही एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड.

सिस्टर कंधारकडच्या. नर्सिंग नांदेडला शिकल्या होत्या. नवरा नांदेडच्या गिरणीत, आणि या इकडे एकट्या, बौद्धवाड्यात धोंडाबाई नावाच्या म्हातारीच्या ओसरीलगतच्या खोलीत राहायच्या. नाव निर्मला. बुटक्या, सावळ्या, मनगटं पुरुषासारखी रुंद. पांढरी साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि खांद्याला कापडी पिशवी. बोलणं नांदेडकडचं. "कामून रडून राहिली?" असं त्यांनी विचारलं की रडणारीला रडताना थोडं हसू यायचं. पुरुषांना त्या ओसरीवर बसवायच्या आणि सांगायच्या, "तुमी भाईर बसून फिकीर करा. आत आमी काम करतो." आणि कळा देणारी बाई लाजेनं ओठ चावत असली तर म्हणायच्या, "ओरड की. भिंतीला लाज वाटंल तर वाटू दे, तुला कामून?"

माझी थोरली जाऊ सुलोचना तेव्हा पोटुशी होती. सहाव्या-सातव्या महिन्यातच पोट असं वाढलं की तिला उंबरा ओलांडायला दाराची चौकट धरावी लागे. सिस्टरांनी तिला बाजेवर निजवलं, लाकडी नळी पोटाला लावली, कान लावून ऐकलं. मग नळी दुसरीकडे लावून पुन्हा ऐकलं. 

"दोन हायेत, मला वाटून राहिलं," शेवटी म्हणाल्या. "आत्याबाई, हिचं बाळंतपण घरी न्हाई करायचं. दिवस भरत आले की लातूरला मोठ्या दवाखान्यात ठेवू. मी येते संग."

आत्याबाईंनी सुलोचनाचा पदर ओढून तिचं पोट झाकलं आणि एवढंच म्हणाल्या, "झालं तुमचं बघून? या आता."

त्यानंतर त्यांनी सिस्टरांना सुलोचनाच्या पोटाला हात लावू दिला नाही. मला त्यांचा राग आला होता. पण त्या रागाला धार राहिली नाही, कारण एका दुपारी ज्वारी निवडताना आत्याबाईंनी आपणहून सांगितलं. त्यांची थोरली लेक पहिलटकरीण असताना तिला बैलगाडीत घालून कुठल्याशा शहराच्या दवाखान्यात नेलं होतं. बरोबर फक्त पुरुष माणसं गेली. आत्याबाई घरी राहिल्या. "गेली ती गेलीच. तिच्या हाताला धरायला कोन्ही न्हवतं ग," म्हणाल्या, आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

सुलोचनाच्या कळा सुरू झाल्या त्या दिवस भरण्याच्या आधीच, टँकर यायचा होता त्या दिवशी पहाटे. गावची सुईण सुंदराबाई आली. उन्हं ओसरीवर आली तेव्हा मुलगा झाला. लहानसा होता, पण रडला खणखणीत. घरात एकदम मोकळं वाटलं. माझे थोरले दीर मारुतीदादा, म्हणजे सुलोचनाचे मालक, ओसरीवर बसल्या बसल्या डोळे पुसायला लागले. आत्याबाई साखर वाटायला उठल्या.

आत मात्र सुंदराबाई गुडघ्यावर हात ठेवून बसून होती. "वार पडंना," म्हणाली. कळाही थांबल्या होत्या. सुलोचना डोळे मिटून पडली होती, ओठ पांढरे. मी तिच्या अंगावर गोधडी घालायला वाकले आणि तिच्या पोटाला हात लागला. मूल बाहेर आलेलं पोट असं नसतं, एवढं मलाही कळत होतं. ते अजून मोठंच होतं, आणि उभं नव्हे, रुंद वाटत होतं.

मी बाहेर आले आणि आत्याबाईंना म्हटलं, "सिस्टरांना बोलावते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. नको म्हणाल्या नाहीत. मी पळाले.

सिस्टर आल्या, हात धुतले, सुलोचनाच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले. खोलीत फक्त त्या नव्या बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. सिस्टरांनी माझा हात ओढून सुलोचनाच्या उजव्या कुशीला लावला. काहीतरी गोल, टणक लागलं.

"हे डोकं," त्या म्हणाल्या. "अन् पाय तिकडं. दुसरं लेकरू आडवं पडलं. पाणमोट अजून फुटली न्हाई म्हणून येळ हाय. फुटली तर हात भाईर येईल, मंग इथं कुणाच्यानंच काही व्हायचं न्हाई. लातूरला न्यायचं, अन् आत्ता."

"एक तर हातात आलंय की," आत्याबाई दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "दुसऱ्याचं देव बघंल."

"दुसऱ्याचंच न्हाई बोलून राहिले मी. ते आत अडकलं तर सुलोचना जाईल. मंग या पहिल्याला पाजणार कोन?"



सिस्टर उठून आत्याबाईंजवळ गेल्या. "तुमच्या लेकीचं मला माहीत हाय. मी हिला एकटी सोडणार न्हाई. शेवटपर्यंत हात सोडणार न्हाई, झालं?"

आत्याबाईंनी भिंतीवरच्या दांडीवरून नवी गोधडी काढली आणि माझ्या हातात दिली. तेवढंच त्यांचं उत्तर.

न्यायचं कशात, हा प्रश्न होता. गावातले बैल चाऱ्याच्या छावणीत होते. जीप मागवायची तर आधी कुणीतरी सडकेपर्यंत जायला हवं. तेवढ्यात विहिरीच्या बाजूनं टँकरचा भोंगा ऐकू आला.

विहिरीपाशी सगळं गाव होतं. पुढे आमच्यासारख्या शेतीवाल्यांच्या घरच्या बाया, मागे बौद्धवाड्यातल्या. घागरी, हंडे, पत्र्याचे डबे. ड्रायव्हर रशीदभाई लातूरचा. विहिरीचा काठ खचलेला होता, म्हणून तो गाडी लांब उभी करून पाइप सोडत होता. त्या बारीक पाइपानं पाणी विहिरीत पडायचं आणि मग बाया ते शेंदायच्या.

सिस्टरांनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं पाइप खाली ठेवला.

"बाई, मी नेतो. पण भरल्या गाडीनं न्हाई. येताना नाल्याचा तो चढ चढून आलो, जाताना तोच उतार हाय. भरल्या गाडीला तिथं बिरेक आवरत न्हाई. मी मरंन, संग पेशंटबी."

"विहिरीत खाली करायला किती येळ?"

"या पाइपानं? दुपार होईल."

"अन् मागचा मोठा वॉल खोलला तर?"

रशीदभाई त्यांच्याकडे बघतच राहिला. "तो खोलला तर लगेच खाली होईल. पण पाणी मातीत जाईल, बाई. सगळं."

हे ऐकलं आणि बायांमध्ये एकच गलका झाला. एकीनं घागर टँकरच्या चाकाला टेकवली आणि तिथंच उभी राहिली. सरपंच पुढे आले. "कुणाच्या परवानगीनं? सरकारी पाणी हाय ते."

"माझ्या नावानं तक्रार करा," सिस्टर म्हणाल्या. "निर्मला सरवदे. नाव ध्यानात राहील ना?"

सरपंचांचं त्यांना फारसं काही वाटलं नसावं. पण मग मागच्या बायांतून धोंडाबाई पुढे आली, आणि मी पाहिलं, सिस्टरांचा चेहरा उतरला. धोंडाबाईनं त्यांना लेकीसारखं ठेवलं होतं.

"निर्मला," ती म्हणाली, "आमचा नंबर लागतो सगळ्यांच्या मागून. आज तोबी लागू देणार न्हाईस का? अन् कुणापायी? तुला उंबऱ्याच्या आत पाणी पाजलं न्हाई त्यांनी कवा."

मी त्या घरची सून, तिथं उभी होते. मला कुठं बघावं कळेना.

"मावशी, तुमचं खरं हाय," सिस्टर म्हणाल्या. "सगळं खरं हाय. माझ्यावर रागवा, घरात घेऊ नका. पण तिथं एक बाई मरून राहिली. मला आत्ता जाऊ द्या."

धोंडाबाई हलली नाही. सिस्टर तिच्या बाजूनं वळून टँकरच्या मागे गेल्या, रशीदभाईचा पाना उचलला आणि वॉलला लावला. वॉल गंजलेला. त्या सगळं अंग टाकून ओढत होत्या तरी तो फिरेना. पाना निसटून त्यांच्या हातावर आपटला. त्यांनी तो पुन्हा लावला.

"सोडा," रशीदभाई म्हणाला. "माझी गाडी हाय. जिम्मेदारीबी माझी."

त्यानं पाना घेतला तशी धोंडाबाई मागे वळली आणि बायांवर ओरडली, "अगं बघत कामून उभ्या राहिल्या? भांडी लावा! उतारावर माती लोटा! वाहून जाईल तेवढं तरी अडवा!"

वॉल फिरला. पाणी असं फुटलं की पहिली घागर हातातून उडून गेली. मग कोण कुठली राहिलंच नाही. बाया गुडघ्यावर बसून हातानं मातीचा बांध घालत होत्या, पदर पिळून हंड्यात पाणी घेत होत्या, एकमेकींवर खेकसत होत्या. कुणाची घागर कुणाला लागली ते त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यासारखंच पाहू लागले, तेही सांगायला हवं. आणि कितीही केलं तरी बरंचसं पाणी मातीनंच प्यायलं.

सुलोचनाला बाजेवरून उचलून आणलं. टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मागे क्लीनर निजतो ती फळी होती, तिच्यावर आत्याबाईंची गोधडी टाकून तिला निजवलं. इंजिनाच्या झाकणावर पोतं टाकून सिस्टर गुडघे टेकून बसल्या, सुलोचनाकडे तोंड करून. मी बाळाला घेऊन बाजूच्या सीटवर. मारुतीदादा बाहेर फूटबोर्डावर, दाराला धरून.

"बाळाला तुझ्या पोटाशी धर, लुगड्याच्या आत," सिस्टर मला म्हणाल्या. "तुझ्या अंगाची ऊब लागू दे. तोंड तेवढं भाईर ठेव."

नाल्याच्या उतारावर रिकामी टाकी ढोलासारखी वाजत होती. सुलोचना कण्हत होती, पण कळ नव्हती. नाला ओलांडून वर आलो, आणि थोडं पुढे गेल्यावर तिनं एकदम माझं मनगट धरलं. कळा पुन्हा सुरू झाल्या होत्या.

"ढकलू नको!" सिस्टर म्हणाल्या. "फुंकर मार, चुलीवर मारती तशी. तू बी मार तिच्या संग," हे मला. मी आणि सुलोचना फुंकर मारत राहिलो. कळ ओसरली.

"गाडी थांबवा, रशीदभाई."

गाडी थांबली. दोन्हीकडे नुसती भेगाळलेली शेतं, सावलीला एक बाभळसुद्धा नाही. सिस्टरांनी पदरानं कपाळ पुसलं.

"लातूरपर्यंत पाणमोट टिकंल असं मला वाटत न्हाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन कळांच्या मधे भाईरून फिरवून बघते. डोकं खाली आलं तर वाट मोकळी होईल."

"तुम्ही केलंय कधी?" मी विचारलं.

"न्हाई. नांदेडला शिकताना बघितलं. डॉक्टरीणबाईंनी केलं, मी पेशंटचा हात धरून उभी व्हते."   मग त्या सुलोचनाच्या तोंडाजवळ वाकल्या. "सुलोचना, ऐकतीस ना? लई दुखंल. करू का?"

सुलोचनानं डोळे उघडले. "करा," म्हणाली. "माझं लेकरू हाय का जित्तं?"

सिस्टरांनी नळी लावून ऐकलं. "हाय."

पहिल्यांदा जमलं नाही. त्यांनी एका हातानं डोकं खाली लोटलं, दुसऱ्यानं पाय वर, आणि अर्ध्यात येऊन बाळ पुन्हा होतं तिथं गेलं. सुलोचनाची किंकाळी ऐकून मारुतीदादा दारातून आत डोकावले. सिस्टरांनी मान न वळवता म्हटलं, "तुमी तिकडं बघा." मग पुढची कळ आली. आम्ही फुंकर मारली. कळ गेली, आणि त्यांनी पुन्हा हात लावले. या वेळी घाई केली नाही. पीठ तिंबताना तळहाताच्या टाचेनं दाबतात तसं थोडं दाबायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. गोधडीखाली मांजर कूस बदलतं तसं पोट हललं. ते रुंद पोट माझ्या डोळ्यांसमोर उभं झालं.

मी काहीतरी बोलणार होते. सिस्टरांनी नुसती मान हलवली. त्यांचा एक तळहात पोटाच्या वर होता, दुसरा कुशीला, आणि त्यांनी ते तसेच ठेवले.

"आता मी हात काढला की ते परत आडवं होईल. चला, रशीदभाई. गाडी कशीबी उडाली तरी माझे हात हलले न्हाई पायजेत. बघा तुमचं."

"तुमी बसा बाई," रशीदभाई म्हणाला. "मी अंडी घेऊन चाललो असं समजतो."

सडक लागली, रेणापूर मागे पडलं. उन्हाचे चटके आणि खालून इंजिन तापलेलं. पोत्यातून सिस्टरांच्या गुडघ्यांना भाजत असणार, पण त्यांनी गुडघा उचलला नाही. कळ आली की म्हणायच्या, "फुंकर." गेली की म्हणायच्या, "शाब्बास." बाकी काही नाही. माझ्या पोटाशी ते बाळ निजलं होतं, आणि मी दर थोड्या वेळानं त्याच्या नाकाशी बोट नेऊन बघत होते.

लातूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सुलोचनाला स्ट्रेचरवर घेतलं. सिस्टर त्या स्ट्रेचरबरोबर वाकून चालत गेल्या, हात तसेच. दाराशी एक तरुण डॉक्टरीण आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आपले हात सिस्टरांच्या हातांवर ठेवले. "सोडा आता," ती म्हणाली. "मी धरलंय."

सिस्टरांना बोटं उघडता येईनात. डॉक्टरीणबाईंनी ती एकेक करून सोडवली. आणि सिस्टरही आत गेल्या, सुलोचनाच्या उशाशी. आत्याबाईंना शब्द दिला होता.

बाहेर मी आणि मारुतीदादा. आत काही बोलणं ऐकू येत होतं, भांड्यांचा आवाज, मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वेळ चाललं. मग एक बारीक आवाज आला, मांजरीच्या पिलासारखा. माझ्या पोटाशी निजलेला तिचा भाऊ दचकून जागा झाला. मुलगी होती.

सुलोचनाचं रक्त बरंच गेलं होतं, तिला रक्त चढवलं, पण ती वाचली. तिघंही वाचली. सिस्टर बाहेर आल्या, भिंत धरून दवाखान्याच्या मागच्या कडुलिंबाकडे गेल्या आणि तिथं त्यांना उलटी झाली. मी पाठ चोळायला गेले तेव्हा त्यांचे गुडघे दिसले. फोड आले होते.

"भ्याले व्हते ग," त्या म्हणाल्या. "आता भिऊन घेते."

तक्रार झालीच. सरपंचांनी नाव बरोबर ध्यानात ठेवलं होतं. पुढचा टँकर उशिरा आला, आणि मधल्या काळात सगळ्यांत लांबून पाणी आणावं लागलं ते बौद्धवाड्यातल्या बायांनाच. धोंडाबाई बरेच दिवस सिस्टरांशी बोलली नाही. पण त्यांच्या दाराशी भाकरी झाकून ठेवायची. सिस्टरांना लातूरला बोलावून आरोग्य खात्याच्या साहेबांनी विचारलं, पाणी कुणी सोडलं. "मी," म्हणाल्या. मारुतीदादा मुद्दाम गेले आणि त्यांनी सांगितलं की मी सोडायला लावलं. दाराबाहेर बसलेला रशीदभाई म्हणाला, पाना माझा होता. साहेब काय लिहून घेणार?

आत्याबाई बदलल्या असं मी म्हणणार नाही. सिस्टर बाळांना बघायला आल्या की त्या बादलीभर पाणी उकळून ठेवायच्या. चहाही द्यायला लागल्या, पण ज्या कपात द्यायच्या तो कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. सिस्टरांनी तो पाहिला होता. एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी वाढलं, कप तिथंच हाय. बघू." आणि चहा प्याल्या. मला तो कप उचलून आमच्या कपांत ठेवायला पुढे आणखी एक वर्ष लागलं. तोवर सिस्टर गाव सोडून गेल्या होत्या.

त्यांची बदली नांदेड जिल्ह्यात, माहूरच्या डोंगराकडे झाली. शिक्षा म्हणून झाली असं गाव म्हणायचं. "मीच मागितली," असं त्या म्हणाल्या. खरं काय ते मला कधी कळलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी आम्ही रेणुकादेवीच्या दर्शनाला माहूरला गेलो, तेव्हा विचारत विचारत मी त्यांचं घर काढलं. रिटायर झाल्या होत्या. अंगानं अगदी वाळलेल्या, मनगटं तेवढी तशीच. मी सुलोचनाचं सांगितलं, मुलगा शेती बघतो, मुलीचं लग्न झालं, तिलाही बाळ झालं. त्यांनी सगळं ऐकलं. चेहऱ्यावर आनंद होता, पण त्या मधेच उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सगळे मला हेच सांगत येतात," म्हणाल्या. "कुणाची पोरगी नांदली, कुणाचं पोरगं नोकरीला लागलं. बरं वाटतं. पण मला आठवती ती दुसरी."

 त्या खिडकीबाहेर बघत बोलत राहिल्या.

"इकडं आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात. डोंगरात आत एक पाडा व्हता. तिथंबी असंच आडवं. फिरवलं मी, फिरलंबी. हात लावून बसले. पण खाली वढ्याला पूर, वर डोंगर. न्यायचं कशात? तुमच्या गावात त्या दिवशी टँकर आला व्हता. तिथं काय येणार? सकाळपासून सांजपर्यंत धरून बसले. पाणमोट फुटली अन् माझ्या हातातून गेलं सगळं. ती शेवटपर्यंत मलाच धीर देत व्हती. म्हणाली, बाई, तुमचे हात दुखत असतील, सोडा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याच होतं.

"लोक म्हणतात, सिस्टरच्या हाताला यश हाय. हात तेच व्हते. रस्ता न्हवता."

निघताना मी त्यांना म्हटलं, मी कधीतरी तुमच्यावर लिहिणार आहे. त्या हसल्या. "माझ्यावर काय लिहिती? लिहायचंच तर तिचं नाव लिही. कुठंच लिहिलेलं न्हाई ते. तिचा नवराबी नंतर गाव सोडून गेला." आणि त्यांनी ते नाव मला दोनदा सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात सरवदे सिस्टर गेल्याचं कळलं. मातीला मला जाता आलं नाही.

तिचं नाव मैना होतं.